दहा स्प्रिंगा

पहिल्या क्लासला येण्याआधी काय काय करायचं, याची यादी मुलीने मला फोनवर पाठवली होती. यादी हिंदीत होती. ती मराठी बोलते, पण लिहायची वेळ आली की अडते. देवासच्या शाळेत तिला मराठी शिकवायला कुणी नव्हतं आणि घरी मी कधी पाटी घेऊन बसलो नाही. दोन तास आधी जड काही खायचं नाही. कपडे अंगाबरोबर बसणारे, पण त्यांना चेन, बक्कल, बटण नको. खिसे रिकामे. अंगठी काढून ठेवायची. तळव्यांना रबराचे ठिपके असलेले मोजे ती देणार होती. पूर्वी ऑपरेशन झालं असेल, एखादी गोळी चालू असेल, तर फॉर्मवर लिहायचं. आणि शेवटी, बाबा, पंधरा मिनिटं आधी या, मशीन समजावून सांगायची आहे.

शेवटची ओळ वाचून मला हसू आलं. देवासच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं मी मशिनी दुरुस्त करण्यातच घालवली होती. मी मूळचा जळगावकडचा. आयटीआय करून फिटर म्हणून देवासला आलो आणि इथेच राहिलो. रिटायर झाल्यावर कंबर धरू लागली, उजवा खांदा वर जाईना. मुलगी फिजिओथेरपिस्ट. लग्न होऊन धारला गेली, तिथे तिने काही वर्षं एका दवाखान्यात काम केलं, मग इंदूरला जाऊन रिफॉर्मर पिलाटेजचा कोर्स केला आणि आता सासरच्या घरातल्या पुढच्या खोलीत स्वतःचा क्लास उघडत होती. रविवारी सकाळी नारळ फोडून पहिला तास. पहिले दोन विद्यार्थी म्हणजे मी आणि तिच्या सासूबाई.

रिफॉर्मर मी आधी फोनवरच पाहिला होता. लांब पलंगासारखी लाकडी चौकट, तिच्यात रुळांवर मागेपुढे सरकणारी गादी, पायथ्याशी एक दांडी. गादी खालून स्प्रिंगांनी पायथ्याकडे ओढलेली असते. गादीवर उताणं पडायचं, दांडीवर पाय टेकून स्वतःला मागे ढकलायचं आणि स्प्रिंगांच्या ओढीला धरून सावकाश परत यायचं. जितक्या स्प्रिंगा अडकवाल तितका जोर लागतो. एका मशिनीला पाच. तिच्याकडे दोन मशिनी होत्या. इंदूरचा एक जिम बंद झाला, तिथून त्या आल्या होत्या.

मी घरी तयारी केली. बायकोने बाजारातून बिनचेनची पँट आणली. मुलीने सांगितल्याप्रमाणे मी रोज सकाळी सतरंजीवर पडून, पोट न फुगवता बरगड्यांत श्वास भरायचा सराव केला. बायको दारात उभी राहून म्हणायची की तुम्हाला साधा श्वास घेता येत नाही हे मला इतकी वर्षं कळलं नाही. फॉर्मवर मी हर्नियाचं ऑपरेशन लिहिलं, ब्लड प्रेशरची गोळी लिहिली. बायकोचे गुडघे दुखत होते म्हणून ती देवासलाच राहिली आणि मी शुक्रवारी बस धरून, इंदूरला बदलून, धारला पोचलो. दोन दिवस आधी गेलो, कारण मुलीने सांगितलं होतं, बोल्ट एकदा तुम्ही कसून द्या, मग मला भीती नाही.

मुलीचं सासर जुन्या धार संस्थानात नोकरीला असलेल्यांचं. आता जावई पिथमपूरला नोकरी करतो. त्या आठवड्यात कंपनीने त्याला बाहेरगावी पाठवलं होतं. घरी मुलगी आणि विहीणबाई. विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या अजून 'बसावं', 'घ्यावं' असं बोलतात आणि मला 'व्याहीबुवा' म्हणतात. आमच्या घरात असं मराठी कुणी बोलत नाही, म्हणून त्यांच्यासमोर मी पहिल्यापासून कमी बोलतो. पुढच्या खोलीत पूर्वी माझ्या दिवंगत व्याह्यांची वकिली चालायची. आता तिथे भिंतभर आरसा होता आणि त्याच्यासमोर त्या दोन मशिनी.

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. बोल्ट कसले, रूळ पुसले, चाकांत अडकलेले केस चिमट्याने काढले. मग गादी वर करून स्प्रिंगा काढल्या आणि दहाच्या दहा एका पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडल्या. लाल, निळ्या, पिवळ्या, जसा जोर तसा रंग. पण रंग विटले होते. लाल स्प्रिंग गुलाबी झाली होती, पिवळीवर रंग होता हे शोधावं लागत होतं. रंग इतका उडायला स्प्रिंग किती वेळा ताणली जावी लागते, याचा मला साधारण अंदाज होता. मी मुलीला विचारलं की या शेवटच्या बदलल्या कधी? तिला माहीत नव्हतं. जिमवाल्याने सांगितलं होतं की मशिनी फारशा वापरल्या नाहीत.

अशी स्प्रिंग तपासायची माझी पद्धत साधी आहे. आधी ती ढिली ठेवून वेढ्यांमध्ये फट दिसते का पाहायचं. चांगली स्प्रिंग ढिली असताना वेढे एकमेकांना चिकटून असतात. मग कापसाचा बोळा तिच्या अंगावरून फिरवायचा. बारीक चीर असेल तर धागा अडकतो. मुलीच्या प्रथमोपचाराच्या डब्यातला कापूस घेऊन मी दहाही स्प्रिंगांवरून दोनदा फिरवला. नऊ ठीक वाटल्या. दहावी, दुसऱ्या मशिनीची एक लाल, आकड्याजवळ उघडली होती. तीन वेढ्यांच्या मध्ये माझं नख जात होतं.

मी ती बाजूला काढली आणि मुलीला दाखवली. तिने नख घालून पाहिलं. चेहरा उतरला, पण वाद घातला नाही. म्हणाली की ठीक आहे, दुसऱ्या मशिनीवर चारच लावते, सासूबाईंना तसाही हलकाच व्यायाम द्यायचा आहे. मग तिने विचारलं, "बाकी तो ठीक हैं ना, बाबा?"

इथे मला थांबून एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

कारखान्यात माझ्याकडे पत्रा दाबून कापणारी एक प्रेस होती. तिच्या पुढे जाळीचा गार्ड. प्रेस खाली यायच्या आधी गार्ड खाली येऊन माणसाचा हात बाहेर ठेवायचा. हा गार्ड चार स्प्रिंगांवर चाले. एकदा त्यातली एक तुटली. नियम असा की एक गेली तर चारही बदलायच्या, कारण चौघी एकाच दिवशी लागलेल्या असतात आणि तेवढ्याच वापरल्या गेलेल्या असतात. त्या दिवशी स्टोअरमध्ये एकच शिल्लक होती. माल जायचा होता, गाडी दारात उभी होती. मी एक बदलली आणि प्रेस चालू करून दिली. उरलेल्या तिघी मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, त्या चांगल्या दिसत होत्या. तीन दिवसांनी त्यातली एक गेली, गार्ड तिरका होऊन अर्ध्यात अडकला आणि प्रेस चालवणाऱ्याची दोन बोटं गेली. तो मालवी माणूस होता, मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा. चौकशीत लिहिलं गेलं की त्याचा हात नको तिथे होता. त्या कागदावर माझी सही आहे. तो नंतरही मला भेटायचा, भिया म्हणायचा आणि डाव्या हाताने चहाचा कप धरायचा. स्प्रिंगबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही.

तर शनिवारी मुलीने जेव्हा मला विचारलं, तेव्हा उत्तर मला ठाऊक होतं. दहाही एकाच जिममधून आल्या होत्या. दहाही सारख्याच विटल्या होत्या. दहावी उघडली होती म्हणजे नऊही त्याच वाटेवर होत्या. त्या आजच्या दिवशी दिसायला चांगल्या आहेत, एवढंच कापूस सांगत होता. नव्या स्प्रिंगा मागवायच्या तर तीन आठवडे थांबावं लागलं असतं.

पण स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास येत होता. विहीणबाईंनी शेजारच्या पाच-सहा बायकांना सांगून ठेवलं होतं. दारावर आंब्याचं तोरण लागलं होतं. मुलीने मोज्यांचे जोड कागदात गुंडाळून, प्रत्येकावर नाव चिकटवून, टोपलीत रचले होते. माझ्या जोडावर फक्त 'बाबांचे' असं लिहिलं होतं, मराठीत, आणि बऱ्याच वर्षांनी तिने मराठीत काही लिहिलेलं मी पाहत होतो. ती माझ्याकडे पाहत उभी होती.

"बाकीच्या ठीक आहेत," मी म्हणालो.

नऊ स्प्रिंगा मी परत अडकवल्या. त्यानंतर दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. जेवताना विहीणबाईंनी विचारलं की तब्येत बरी आहे ना. मी म्हणालो, बसचा प्रवास बाधला. दुपारी सगळे पडले असताना मी पुढच्या खोलीत गेलो आणि एकेका मशिनीची गादी हाताने मागेपुढे केली. स्प्रिंगा कुरकुरत होत्या, तसा आवाज जुन्या स्प्रिंगांचा असतोच. पण पहिल्या मशिनीत, गादी पुरती मागे नेली की अगदी शेवटी एक बारीक टिक असा आवाज यायचा. मी पाच वेळा गादी ओढली. तीनदा आला, दोनदा नाही. मी गादी उचलून आकडे पाहिले, पुन्हा कापूस फिरवला. काही सापडलं नाही. आरशात मला मी दिसत होतो, मशिनीजवळ उकिडवा बसलेला, हातात कापसाचा बोळा. त्या वेळीसुद्धा उठून आतल्या खोलीत जाऊन सांगता आलं असतं. मी कापूस खिशात ठेवला आणि चहा मागितला.

रविवारी मी यादीप्रमाणे तयार झालो. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी सोडलेली मला आठवत नाही, पण त्या दिवशी अर्धं केळं खाल्लं आणि तेही जड झालं. अंगठी काढायला साबण लागला. मोजे घातले. फरशीवर पाऊल टाकलं की तळवा चिकटायचा आणि सुटताना ओढल्यासारखं व्हायचं. खोलीत बायका भिंतीला लागून खुर्च्यांवर बसल्या होत्या. विहीणबाई पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. त्यांना मी साडीशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो आणि त्या स्वतःही थोड्या अवघडल्या होत्या. नारळ फोडला, मशिनींना हळद-कुंकू लावलं, मुलगी म्हणाली की चला, दोघांनी आपापल्या मशिनीवर यायचं.

मी म्हणालो की आधी मी एकटा करतो, विहीणबाईंनी बसून पाहावं, म्हणजे त्यांना सोपं जाईल. बायका हसल्या. मुलीला ते पटलं. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

मी पहिल्या मशिनीवर पडलो. खांद्यांना मागून उशा टेकल्या, टाचा दांडीवर. छताला पांढरा पंखा होता, तो बंद होता. मुलीने तीन स्प्रिंगा ठेवल्या, दोन सोडल्या. मी तिला म्हणालो की तू बाजूला उभी राहा. ती म्हणाली, बाबा, मला तुमचे गुडघे समोरून पाहावे लागतात. आणि ती पायथ्याशी, दांडीच्या पलीकडे उकिडवी बसली.

"श्वास सोडा आणि ढकला," ती म्हणाली.

मी ढकललं. गादी मागे गेली, स्प्रिंगा ताणल्या, मी परत आलो. एक. कंबरेत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं, हेही खरं सांगतो. दोन. तीन. मी आवाज ऐकत होतो, श्वासाकडे माझं लक्षच नव्हतं. चौथ्या वेळी टिक आला. मी पाय आखडले, थांबलो. तिने विचारलं, दुखतंय का? मी नाही म्हणालो. ती पुढे वाकली, माझी उजवी टाच तिने बोटांनी सरळ केली आणि तशीच वाकून राहिली. तिने पुन्हा ढकला म्हटलं आणि मी ढकललं.

आवाज मोठा नव्हता. लोखंडी पेटीचं झाकण पडावं तेवढाच. गादी माझ्या खाली एका बाजूला हिसकली आणि मुलगी मागे जमिनीवर पडली. तिचा हात चेहऱ्यावर होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. मी उठायला गेलो तर मोजे दांडीला चिकटले आणि मी गादीवरून गुडघ्यांवर पडलो. कोण ओरडलं, किंवा कुणी ओरडलं का, हे मला आठवत नाही. विहीणबाई माझ्या आधी तिच्याजवळ पोचल्या होत्या. त्यांनी नारळाखालचं ताट बाजूला सारलं, एक धुतलेला पंचा दाबून धरला आणि शांतपणे म्हणाल्या की डोळा उघडून पाहा, दिसतंय का. मुलगी म्हणाली, दिसतंय. मग त्यांनी शेजारणीला रिक्षा बोलवायला सांगितलं.

भुवईच्या वर चार टाके पडले. डोळ्यात दिवा धरून डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि डोळा वाचला म्हणाले. अर्धा इंच खाली लागलं असतं तर, एवढं बोलून त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

दवाखान्यातून आल्यावर मुलीला आत झोपवलं आणि मी पुढच्या खोलीत गेलो. बायका गेल्या होत्या. तुटलेली स्प्रिंग दांडीच्या पलीकडे पडली होती. गादीकडच्या आकड्यात, वळणाच्या आतल्या बाजूला ती तुटली होती, जिथे कापूस पोचत नाही. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट होता, अर्धा चकचकीत. काळपट म्हणजे जुनी चीर. ती कितीतरी महिने तिथे होती. कापूस पोचत नाही हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकलो असतो, आणि ते खोटंही नव्हतं. मी बराच वेळ तेच मनात घोळवलं.

संध्याकाळी ती उठून बसली तेव्हा मी ते म्हणालो नाही. विहीणबाई खोलीत होत्या, त्या उठून जाऊ लागल्या, मी त्यांना थांबायला सांगितलं. मग दोघींना सांगितलं की एक खराब निघाली तर सगळ्या बदलायच्या असतात, हे मला काल ठाऊक होतं. दुपारी आवाजही आला होता. प्रेसची गोष्टही सांगितली. ती मी घरात कधी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा.

मुलीने भुवईवरच्या पट्टीखालून माझ्याकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलं, बाबा? मी थांबले असते."

मी म्हणालो, तुझं तोरण लागलं होतं.

ती भिंतीकडे तोंड करून पडली. रागावली असती तर बरं झालं असतं. विहीणबाई माझ्यासोबत बाहेर आल्या, त्यांनी मला बसायला लावलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुम्ही मला खुर्चीवर बसवून स्वतः आधी मशिनीवर झोपलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मुख्याध्यापिका होते. खोटं बोलणारं मूल मला दारातून ओळखू यायचं." त्यात टोमणा नव्हता. त्या स्वतःवरच चिडल्यासारख्या दिसल्या.

सोमवारी मी देवासला परतलो. बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं की तो बोटं गेलेला माणूस आता कुठे असतो. मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना फोन केले. तो उदयनगरकडे आपल्या गावी गेला होता आणि दोन वर्षांपूर्वी वारला होता.

नव्या स्प्रिंगा तीन आठवड्यांनी आल्या, दहाच्या दहा. त्या लावायला मुलीने मला बोलावलं नाही. इंदूरचा एक मेकॅनिक बोलावून तिने दोन्ही मशिनी तपासून घेतल्या आणि दर तीन महिन्यांनी त्याने यायचं असं ठरवलं. हे मला विहीणबाईंकडून फोनवर कळलं. मी म्हणालो, चांगलं केलं. ते चांगलंच होतं. पण फोन ठेवल्यावर मी हत्यारांची पेटी उघडून बसलो आणि कशाला उघडली ते मला आठवेना. मुलगी रोज फोन करायची, आईशी बोलायची, माझी कंबर कशी आहे ते विचारायची. मशिनीबद्दल आमच्यात शब्द होत नव्हता. प्रेसवाल्याशी मी जसा इतकी वर्षं वागलो तसंच आता आमच्या घरात होणार, या विचाराने मला भीती वाटू लागली. मग एका शनिवारी मी स्वतःच तिला विचारलं की माझा पहिला तास राहिलाय, तो देशील का? ती म्हणाली की या, दोन तास आधी काही खाऊ नका.

गेलो. त्या दिवशी खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. तिच्या भुवईत एक आडवी रेघ राहिली आहे, तिथे केस येत नाहीत. मी न विचारता तिने गादी उचलून मला नव्या स्प्रिंगा दाखवल्या. लाल रंग अगदी गडद होता. मी हात लावला नाही. गादीवर पडलो, टाचा दांडीवर ठेवल्या आणि मला घाम फुटला. ती म्हणाली की नको असेल तर आज नुसतं पडून राहा. मी म्हणालो, करतो.

खुंटीवर एक पारदर्शक प्लास्टिकचा चष्मा लटकत होता, वेल्डिंगवाले वापरतात त्याच्यापेक्षा हलका. तिने तो काढून डोळ्यांवर चढवला. ती म्हणाली की पायथ्याशी बसताना आता तो घालतेच, बायका विचारतात, मी सांगते नियम आहे. मग ती दांडीच्या पलीकडे, त्याच जागी, उकिडवी बसली.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

मी सोडला. ती वाट पाहत होती. चष्म्यामागे तिचे डोळे माझ्या गुडघ्यांवर होते आणि तिचा एक हात जमिनीवर टेकलेला होता, पटकन मागे होता यावं असा. मी ढकललं.